मुक्याची फिर्याद

घरात भांड्याला भांडे लागले की आपण म्हणतो, चालायचेच, नांदते घर आहे. धास्ती वाटते ती आवाज बंद झाला म्हणजे. स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र आवाज येतो आहे, पण त्यामागोमाग नेहमीचे दोन शब्द येत नाहीत. आपण विचारतो, "काय झालं?" आणि उत्तर येते, "काही नाही." हे 'काही नाही' कानावर पडले, की कोणताही अनुभवी नवरा हातातले वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवतो. भांडणाला उत्तर देता येते. 'काही नाही'ला काय उत्तर द्यायचे?

आमच्या धंद्यातही नेमके हेच. मी गेली पंचवीस वर्षे संगणकांना कामाला लावण्याचा व्यवसाय करतो. यंत्र मोडले, तांबड्या अक्षरांत किंचाळले, की आम्हांला एकपरी बरे वाटते. कुठे दुखते ते ते स्वतःच सांगत असते. पण एखादी वेबसाइट पडत नाही, ओरडत नाही, नुसती थांबते. पडद्यावर ते लहानसे चक्र फिरत राहते आणि पान काही उघडत नाही. आमच्या बोलीत ती 'हँग' होते. बरे, नोंदवही उघडून पाहावी तर तीत सारे आलबेल! २०२४ च्या दिवाळीआधी अशाच एका मुक्या वेबसाइटने मला, माझ्या थोरल्या बहिणीला आणि भाच्याला महिनाभर घोळसले. त्याची ही हकीकत. दिवाळी अंकात फराळ हवाच अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी निर्धास्त असावे. हकीकत फराळाचीच आहे.

माझी अक्का डोंबिवलीला असते. भावजी गेल्यावर तिने शेजारच्या चार बायका जमवून फराळाचे जिन्नस करून विकायला सुरुवात केली. चाराच्या पुढे चौदा झाल्या. कुणाच्या चकल्या, कुणाचे अनारसे, कुणाच्या करंज्या अशी कामांची वाटणी झाली. यांतल्या बहुतेकींच्या घरचे वर्षाचे गणित या दोन महिन्यांच्या मिळकतीवर बसते. पुढे डोंबिवलीची मुले न्यू जर्सीला आणि कॅलिफोर्नियाला गेली आणि फराळाला तिकडून मागणी येऊ लागली. तेव्हा २०१९ साली मी अक्काला भाऊबीज म्हणून साडीऐवजी एक वेबसाइट घातली! तिकडच्या मुलाने पडद्यावर जिन्नस निवडावेत, पत्ता घालावा. वेबसाइटने कुरिअर कंपनीच्या यंत्राला परस्पर विचारून पाठवणावळ सांगावी. पैसे भरावेत आणि मोकळे व्हावे. अक्का म्हणाली, "साडी दोन वर्षं टिकते. हे किती टिकेल?" मी म्हणालो, "जन्मभर." धाकट्या भावाला असे बोलण्याचा अधिकार असतो.

भाचा इंजिनियर झाला आणि नोकरीच्या मागे न लागता आईचा हा व्याप पाहू लागला. वेबसाइटही त्याच्याकडे आली. मी पुण्याला, वडीलकीच्या नात्याने फोनवरून सल्ले देण्यापुरता.

सुरुवातीला पंधरा-वीस दिवसांतून एकदा वेबसाइट थांबे. भाचा ती बंद करून पुन्हा चालू करी आणि ती मुकाट्याने कामाला लागे. बंद करून चालू करणे हा आमच्या शास्त्रातला सुंठीचा काढा आहे. कशावरही चालतो, आणि रोग कोणता होता हे मात्र कधीच कळू देत नाही. गणपती गेले, परदेशची मागणी वाढली, आणि वेबसाइट रोज थांबू लागली. सकाळी ठीक, दुपारी दोनच्या सुमारास ठप्प. तिकडे गिऱ्हाईक चक्राकडे पाहून कंटाळे आणि निघून जाई. परदेशी पार्सले वेळेत पोचायची तर ठराविक तारखेच्या आत निघायला हवीत. गेलेली मागणी दिवाळीनंतर परत येत नाही. पाडवा झाल्यावर चकली कोण मागवतो?

भाच्याने पहिल्याच आठवड्यात फोन केला. "मामा, लॉगमध्ये काहीच नाही. कुरिअरकडे दर विचारतो त्या भागात काही अडकत असेल का?" मी म्हणालो, "तो भाग पाच वर्षं चालतोय. तू आधी मेमरी बघ." त्याने मेमरी चार जीबीची आठ केली. भाडे वाढले, दुखणे तसेच. मग मी डेटाबेसवर संशय घेतला. तो बिचारा निवांत होता. मग मी सांगितले, लॉग अगदी बारीकसारीक लिहायला लाव. त्याने तसे केले. वेबसाइट इतके लिहू लागली, की तिसऱ्या दिवशी डिस्क भरली आणि त्यानेच ती पडली. निदान त्या दिवशी ती का पडली एवढे तरी कळले! शेवटी रोज पहाटे सहा वाजता ती आपोआप बंद होऊन चालू व्हावी अशी व्यवस्था केली. आता कसे, दुपारी दोनपर्यंत तरी बिनघोर.

या सगळ्यात अक्काने एकदा फोनवर विचारले, "नेमकं चुकतंय तरी काय रे?" आणि मी सहज बोलून गेलो, "पोराचं लक्ष नाही, अक्का. नोकरीत असता तर वरिष्ठांनी कान उपटले असते." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी मात्र ते त्याच दिवशी विसरून गेलो.

आता हे लॉग म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जुन्या काळी जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका समुद्रात टाकीत. ओंडक्याला इंग्रजीत 'लॉग'. दोरीला ठराविक अंतरावर गाठी असत. ठरलेल्या वेळात किती गाठी हातातून सुटल्या त्यावरून वेग काढीत. म्हणून जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठींत सांगतात. हा वेग ज्या वहीत लिहीत ते लॉगबुक. संगणकवाल्यांनी तो शब्द उचलला. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या संगणकाच्या लॉगबुकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक खराखुरा पतंग चिकटवलेला आहे. तो यंत्राच्या रिलेमध्ये सापडला होता. ती वही आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण ती वही माणसे लिहीत होती. माणसाला दिसले, त्याने उचलले, चिकटवले. आजची नोंदवही यंत्र स्वतःच लिहिते, आणि तिथेच मेख आहे.

आमच्या वेबसाइटच्या तळाशी टॉमकॅट नावाचा एक कार्यक्रम आहे. तो फुकट मिळतो. १९९९ पासून अपाची या संस्थेच्या नावाने जगभर वापरला जातो. त्याला आपण एक मोठे टपाल कार्यालय समजू. त्यात दोनशे कारकून बसलेले आहेत. आमच्या भाषेत त्यांना थ्रेड म्हणतात, आणि मुद्दाम बदलला नाही तर हा आकडा दोनशेच असतो. गिऱ्हाईक आले, की मोकळा कारकून त्याचे काम हाती घेतो, पुरे करतो आणि पुढच्याला बोलावतो. दारावर एक हजेरीपट असतो. कोण आले, काय मागितले, किती वेळ लागला. गंमत अशी, की हा हजेरीपट माणूस बाहेर पडताना भरतात! आत आलेला माणूस बाहेर पडलाच नाही, तर त्याची नोंद होतच नाही. त्याचप्रमाणे चुकांची वही चूक झाली म्हणजे लिहितात. कारकून नुसता वाट पाहत बसला असेल, तर त्याच्या हिशेबी चूक अजून झालेलीच नाही. तो काय लिहिणार? हाती घेतलेले काम संपेल तेव्हा लिहील, आणि काम तर संपतच नाही. आम्ही महिनाभर वहीची पाने उलटीत होतो ती ज्यांचे काम सुरळीत झाले त्यांची. अडकलेल्यांची सही त्या वहीत कधी असणारच नव्हती.

नवरात्रातल्या रविवारी, ६ ऑक्टोबरला, मी डोंबिवलीला गेलो. बाहेरच्या खोलीत फराळाच्या डब्यांची थप्पी, चौदापैकी आठ-नऊ जणी पार्सलांवर चिठ्ठ्या लावीत बसलेल्या, अक्काला नऊ दिवसांचा उपवास. भाचा आतल्या खोलीत संगणकापुढे. मी "काय रे, कसं काय?" म्हटले तर म्हणाला, "काही नाही, ठीक." घरी मी वर्तमानपत्र खाली ठेवले असते. इथे माझ्या लक्षातही आले नाही.

साडेअकराला वेबसाइट थांबली. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र, म्हणजे सुट्टीची वेळ. ऑर्डरी भराभर येत होत्या. अक्का दारात येऊन उभी राहिली. "लवकर चालू कर रे बाबा!" भाच्याचा हात सवयीने बंद करण्याच्या कळीकडे गेला आणि मी तो धरला.

"थांब. आज बंद करायची नाही."

अक्काने माझ्याकडे असे पाहिले, की उपवासाच्या दिवशी मी चुलीवर मासळी चढवली असावी. पण महिनाभर आम्ही काय करीत होतो ते माझ्या तेव्हा ध्यानात आले. यंत्र थांबले, की आम्ही पहिली गोष्ट कोणती करीत असू, तर पुरावा पुसून टाकीत असू. पोलीस येण्याआधी घर सारवून घेणाऱ्या मोलकरणीसारखे! जे काही अडले होते ते या क्षणी, या यंत्रात, जसेच्या तसे उभे होते. बंद केले की गेले. मी म्हणालो, "अक्का, दहा मिनिटं दे." ती म्हणाली, "पाच."

यंत्र थांबते ते साधारण तीन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा, ते वेड्यासारखे एकाच कामाभोवती गरगरत असते. मग त्याचा मेंदू शंभर टक्के तापलेला दिसतो. आम्ही पाहिले, तर मेंदू जवळजवळ रिकामा. दोनशे कारकून कामावर आणि कार्यालयात सामसूम! म्हणजे ते गरगरणे नव्हते.

दुसरी तऱ्हा मोठी मौजेची आहे. १९६५ साली एडस्गर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना परीक्षेत एक कोडे घातले. पुढे टोनी होअर यांनी त्याला जेवणाच्या टेबलाचे रूप दिले. पाच तत्त्वज्ञ गोल टेबलाभोवती जेवायला बसले आहेत. दोघांच्या मध्ये एकेक, असे एकूण पाचच काटे आहेत. पण जेवायला प्रत्येकाला दोन्ही बाजूंचे दोन लागतात. प्रत्येकाने एकाच वेळी आपल्या डावीकडचा काटा उचलला, तर उजवीकडचा कुणालाच मिळत नाही. हातातला कुणी सोडीत नाही. पाचही विद्वान ताटापुढे उपाशी. याला डेडलॉक म्हणतात. आपल्याकडे भाऊबंदकीच्या वाटणीत हे कोडे बऱ्याच घरांनी सोडवायला घेतले आहे आणि फारच थोड्यांचे सुटले आहे.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत साधी. कारकून बाहेरच्या कुणाच्या उत्तराची वाट पाहत बसलेला असतो.

या तिन्हींतली कोणती, हे वहीत नाही. पण कारकुनांना विचारता येते. जावाच्या कार्यक्रमाला एक खूण केली, की प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कोणत्या ओळीवर उभा आहे याची यादी तो देतो. त्याला थ्रेड डंप म्हणतात. जेस्टॅक नावाचे एक हत्यार त्यासाठी मिळते; ते नसले तर 'किल -३' अशी आज्ञा द्यायची. मी ती टाइप करू लागलो तर भाचा दचकला. "मामा, मारताय की काय?" नाव 'किल' असले, तरी ही तीन नंबरची खूण जावाच्या कार्यक्रमाला मारीत नाही. तो आपली सगळी हकीकत लिहून देतो आणि पुन्हा होता तसा चालू राहतो. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक भीतीने विचारतच नाहीत.

ही यादी एकदा घेऊन भागत नाही. रस्त्याचे एकच छायाचित्र पाहिले, तर त्यातला माणूस चालतो आहे की उभा आहे ते कळत नाही. म्हणून दहा दहा सेकंदांच्या अंतराने तीन याद्या घेतल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. पाच मिनिटे संपली होती. अक्का दारातच होती.

"ठीक आहे. आता कर चालू," मी म्हणालो.

वेबसाइट पुन्हा धावू लागली आणि आम्ही मामा-भाचे यादी वाचायला बसलो. कारकून क्रमांक एक, अमुक ओळीवर. क्रमांक दोन, तीच ओळ. क्रमांक तीन, तीच. दोनशेच्या दोनशे, तिन्ही याद्यांत, एकाच ओळीवर! सगळे बाहेरून येणारे उत्तर वाचण्यासाठी कान टवकारून बसले होते. गंमत म्हणजे यादीत त्यांच्या नावापुढे शेरा होता 'रनेबल', म्हणजे धावायला तयार. जावाच्या दृष्टीने बाहेरच्या उत्तराची वाट पाहणारा थ्रेडही धावताच असतो. शेऱ्यावर विसंबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. कारकून काय म्हणवतो यापेक्षा तो कुठे उभा आहे हे पाहायचे असते.

आणि ती ओळ होती कुरिअर कंपनीला पाठवणावळ विचारणारी.

एकदम सगळे जुळले. कंपनीचे यंत्र अधूनमधून असे करी, की जोडणी घेई, म्हणजे फोन उचली, आणि मग एक अक्षर बोलत नसे. आमचा कारकून कानाला फोन लावून बसे. किती वेळ? जावात असा फोन करताना थांबण्याची मुदत घालता येते. ही सोय २००४ पासून आहे. पण मुदत घातली नाही तर ती शून्य धरतात, आणि या ठिकाणी शून्याचा अर्थ 'मुळीच थांबू नये' असा नसून 'अनंत काळ थांबावे' असा आहे! शून्य आणि अनंत यांतले अद्वैत वेदान्तात वाचले होते. ते फराळाच्या वेबसाइटमध्ये भेटेल असे वाटले नव्हते. बरे, दोन यंत्रांमधली तारही काही बोलत नाही. पलीकडचा गप्प झाला तर 'आहेस का?' अशी हाक मारण्याची सोय तीत आहे, पण १९८९ च्या नियमावलीप्रमाणे ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि केली तरी पहिली हाक नेहमीच्या व्यवस्थेत दोन तासांनी. शिवाय पलीकडचे यंत्र जिवंत असून नुसते गप्प असेल, तर ते त्या हाकेला 'आहे' म्हणते आणि पुन्हा गप्प!

असा एक कारकून अडकला तर कुणाला कळत नाही. एकशे नव्याण्णव उरतात. दर दोन-अडीच मिनिटांना एक या हिशेबाने दोनशे कारकून खर्ची पडायला आठ तास लागतात. सकाळी सहा आणि आठ, दुपारचे दोन! एरवी परदेशची मागणी तुरळक, म्हणून पंधरा-वीस दिवस लागत. गिऱ्हाईक कंटाळून पान पुन्हा उघडी, तेव्हा त्याच्यासाठी आणखी एक कारकून फोनवर बसे. पहिला गिऱ्हाईक गेल्याचे त्याला ठाऊकच नसे. शेवटचा कारकून अडकला, की नुसते मुखपृष्ठ पाहायला आलेल्यालाही कुणी विचारीत नसे. दार मात्र उघडेच. टॉमकॅट हजारो पाहुण्यांना बाकावर बसवून घेतो. म्हणून तर 'बंद आहे' अशी पाटीही दिसत नव्हती.

कारण सापडल्याचा आनंद मोठा असतो. मी खुर्चीत मागे रेललो आणि वडीलकीच्या आवाजात, बाहेरच्या बायकांनाही ऐकू जाईल असे विचारले, "मुदत न घालता फोन लावणारी ही ओळ लिहिली कुणी रे?"

भाचा काही बोलला नाही. त्याने दोन कळी दाबल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला.

आमच्या धंद्यात गिट नावाची एक बखर असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. कार्यक्रमातली कोणती ओळ कुणी आणि केव्हा लिहिली ते ती सांगते, आणि त्या आज्ञेचे नावच 'ब्लेम', म्हणजे ठपका, असे आहे. त्या ओळीपुढे नाव होते माझे. १४ मे २०१९, रात्रीचे पावणेदोन. अक्काला भाऊबीजेचा शब्द दिला होता ना! दिवाळीच्या आत हवी म्हणून उन्हाळ्यातच जागून कामाला लागलो होतो.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"हा भाग तुम्ही लिहिलाय एवढं ठाऊक होतं. कारण तिथंच आहे हे नव्हतं. म्हणून पहिल्या आठवड्यात विचारलं होतं." थोडे थांबून तो म्हणाला, "मग आई म्हणाली, मामा म्हणतो तुझं लक्ष नाही. म्हणून पुन्हा नाही विचारलं."

नंतर अक्काने सांगितले, की पोराने गेल्या पंधरवड्यात तीन ठिकाणी नोकरीचे अर्ज पाठवले होते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून वेबसाइटवर पहारा करी आणि जेवताना विचारले तर 'काही नाही' म्हणे. माझ्या एका वाक्याने हे झाले होते. ज्याने बरोबर जागेवर बोट ठेवले त्यालाच मी गप्प केले होते, आणि मग वहीत नोंद का नाही म्हणून महिनाभर डोके खाजवीत बसलो होतो.

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो आणि सगळ्या बायकांसमोर अक्काला सांगितले, "चूक माझी होती. ओळ माझी, आणि ठपका याच्यावर ठेवला तोही मीच." खोलीत क्षणभर शांतता झाली. चकल्यांच्या काकू चिठ्ठी चिकटवता चिकटवता एवढेच म्हणाल्या, "कबूल केलंत ते बरं केलंत. आता ते दुरुस्त करा, माझ्या साठ किलो चकल्या आहेत."

दुरुस्ती भाच्याने केली; मी शेजारी बसलो. जोडणीला तीन सेकंदांची मुदत, उत्तराला दहा. पण तो तिथेच थांबला नाही. तो म्हणाला, मुदत संपली तर गिऱ्हाइकाला काय सांगायचे? म्हणून वजनावार दरांचा एक ठोकळ तक्ता आतच ठेवला; कंपनी गप्प राहिली तर तक्त्यावरून पाठवणावळ लावायची, चार पैशांचा फरक मंडळाने सोसायचा. पाठवणावळ विचारायला एका वेळी वीसच कारकून पाठवायचे, म्हणजे तेवढे बुडाले तरी बाकीचे कार्यालय तरंगते. जहाजाच्या तळाला वेगवेगळे कप्पे करतात, तसे. आणि फोन लावण्यापूर्वी वहीत 'विचारतो आहे' आणि उत्तर आल्यावर 'आले' अशा दोन नोंदी. जिथे पहिली आहे आणि दुसरी नाही, तो अडकला. अडकलेल्याचीही सही आता वहीत पडू लागली.

हे सगळे खरेच चालते का, हे पाहायला त्याने एक खोटे यंत्र केले. ते फोन उचलते आणि काहीच बोलत नाही. पाच मिनिटांत तयार झाले. मी कौतुक केले तेव्हा म्हणाला, "नमुना समोरच होता, मामा." तो हसला. महिनाभराने प्रथमच.

कुरिअर कंपनीला मी फार दोष देत नाही. बाहेरचा माणूस उशिरा बोलेल, कधी बोलणारही नाही. त्याच्या उत्तरासाठी किती थांबायचे हे आपण ठरवायचे असते, ते मी ठरवले नव्हते. संध्याकाळी भाच्याने पहाटे सहाची ती बंद-चालूची व्यवस्थाही काढून टाकली. सोमवारी दुपारी दोन वाजता आम्ही सगळे घड्याळाकडे पाहत होतो. दोन वाजून गेले, तीन वाजले, वेबसाइट चालूच. वहीत त्या दिवशी 'विचारतो आहे, मुदत संपली' अशा नोंदी कितीतरी होत्या. तितके कारकून त्या दिवशी सुटून परत आले होते. दिवाळीपर्यंत ती पुन्हा थांबली नाही. साठ किलो चकल्या गेल्या. काकूंना आणखी कराव्या लागल्या. नोकरीच्या तीन अर्जांपैकी एकाचे बोलावणे आले होते. भाच्याने ते नम्रपणे नाकारले. अक्काला मी त्या भाऊबीजेला साडी घेतली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हिची मुदत किती?"

मी यातून एक धडा मात्र घरी आणला आहे. परवा सौ. स्वयंपाकघरात गप्प होती. मी विचारले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." मी दहा सेकंद थांबून पुन्हा विचारले. "काही नाही म्हटलं ना!" पुन्हा दहा सेकंद थांबलो आणि तिसऱ्यांदा विचारले. त्यावर सौभाग्यवतींनी झारा खाली ठेवून जी हकीकत सांगितली ती सविस्तर होती, क्रमवार होती, तीत तारखा होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे नाव माझे होते. ती इथे छापण्यासारखी नाही. पण घर पुन्हा सुरळीत चालू झाले, आणि त्यासाठी काहीही बंद करावे लागले नाही.